चौथ्या रिंगला उठणारा फोन

फोन वाजला तोवर दादाने ठेवून दिला होता. स्क्रीनवर त्याचं नाव उमटलं, मी हिरव्या गोलावर बोट टेकवलं, आणि पलीकडे शांतता. मग मीच उलटा लावला. "अगं, किती वेळ वाजवायचा? चार रिंगा झाल्या," तो म्हणाला. माझ्याकडे एकच वाजली होती, तीही अर्धी.

त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा होत होतं, म्हणून मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. बॅटरी वाचावी म्हणून हा फोन वापरात नसताना जवळजवळ पूर्ण झोपतो. जागं असतं ते फक्त मॉडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग. कॉल आला की मॉडेम प्रोसेसरला ढोसतं, प्रोसेसर डोळे चोळत उठतो, मग आवाजाची चिप, स्क्रीन, टच यांना एकेक करून उठवतो, आणि त्यानंतर कुठे कॉल घेणाऱ्या प्रोग्रॅमला पत्ता लागतो की दारात कुणीतरी उभं आहे. एवढ्याला सात-आठ सेकंद जातात. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी एक फोन त्याला उठवायला करू आणि दुसरा तुझ्याशी बोलायला करू, असं का?"

मला हसू आलं, पण मनातून मी चिडले होते. त्या सात सेकंदांमागची मेहनत त्याला दिसत नव्हती. महिन्यापूर्वी ते बारा होते.

त्या फोनचं नाव मी लिहिणार नाही. बनवणारे मोजके लोक होते, हातात होतं त्यात त्यांनी होईल तेवढं केलं, माझं भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की आत अँड्रॉइड नव्हतं, आयफोनचंही काही नव्हतं. सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर चालतं ते साधं, सरळ लिनक्स होतं. मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हाताने बदलता यायची, आतल्या सर्किटचे नकाशे कुणालाही उतरवून घेता यायचे. मला हवा होता तो फोन हाच, असं मला वाटत होतं.

मी नोंदणी केली तेव्हा पहिली खेप संपलेली होती. दुसरीची वाट बघण्यात पाच महिने गेले आणि त्या काळात मी आधीच्या अशा फोनांचा इतिहास वाचत बसले. खुले फोन बनवणारी ओपनमोको ही कंपनी आता कितीजणांना आठवत असेल? त्यांचा निओ १९७३ हा फोन जुलै २००७ मध्ये प्रोग्रॅमर मंडळींना मिळू लागला, म्हणजे पहिला आयफोन दुकानात आल्यावर दहा-एक दिवसांनी. नावातलं १९७३ हे मार्टिन कूपर यांनी हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल केला ते वर्ष. पुढच्या वर्षी फ्रीरनर आला. त्याच्या सर्किटचे नकाशे खुले होते, बाहेरच्या कवचाचे आराखडेसुद्धा खुले होते. पण थ्रीजी नव्हतं, कॅमेरा नव्हता, आणि बोलताना पलीकडच्याला गुणगुण ऐकू यायची. ती घालवायची तर फोन उघडून सोल्डरिंग करायचं. लोक त्यासाठी आपापले फोन घेऊन एकत्र जमत. २००९ मध्ये पुढच्या मॉडेलचं काम थांबलं आणि ओपनमोको फोनच्या धंद्यातून बाहेर पडली.

हे वाचून माझ्या मनात काय आलं असेल? की काय माणसं होती! सोल्डरिंगला जमणारी! जो फोन पलीकडच्याला धड ऐकू येत नाही तो विकायचा कसा, हा प्रश्न मला शिवलाही नाही. सगळं उत्तर तिथेच होतं आणि मी ते सहलीचं वर्णन वाचावं तसं वाचलं.

खोकं आलं त्या दिवशी फोन करून बघायचं मला सुचलंच नाही. एसडी कार्डावर पोस्टमार्केटओएस, म्हणजे फोनसाठीचं लिनक्स, चढवलं, कार्ड आत सरकवलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागल्या. फोन सुरू होताना आत काय चाललंय ते दाखवतोय, लपवत नाहीये, हे मी पहिल्यांदा बघत होते. मग मी लॅपटॉपवरून फोनमध्ये शिरले. लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तू ही एक फाइल असते, तसा मागचा दिवासुद्धा. त्या फाइलीत एक लिहिलं, टॉर्च लागला. शून्य लिहिलं, विझला. मी अर्धा तास तेवढंच करत बसले होते. ज्याला यात काही विशेष वाटत नाही त्याला मी ते समजावू शकणार नाही, आणि हा दोष त्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी सिम घातलं आणि आईला फोन लावला.

"तू विहिरीतून बोलतेयस का?" आईने विचारलं. तिला माझा आवाज खोल येत होता आणि तिचा स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येत होता. स्वतःचाच आवाज मागून येत राहिला की माणूस बोलताना अडखळतो. दोन मिनिटांत ती कंटाळून "नंतर बोलू" म्हणाली.

नेहमीच्या फोनमध्ये हा प्रतिध्वनी कापणारा एक प्रोग्रॅम असतो. तो कंपनीच्या खोलीत, त्याच कवचात, त्याच स्पीकर-माइकवर महिनोन् महिने तासून बसवलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून तो आहे हेही कळत नाही. इथे तो आम्हालाच, म्हणजे हा फोन घेणाऱ्या हौशी मंडळींनाच, बसवायचा होता. मी जुना फोन शेजारच्या खोलीत कपाटात ठेवला, कपड्यांच्या घडीत खुपसून, रेकॉर्डिंग लावून. मग या खोलीतून नव्या फोनवरून त्याला कॉल लावायचा, एकपासून दहापर्यंत आकडे मोजायचे, उठून तिकडे जायचं, ऐकायचं, परत यायचं, आवाजाच्या मिक्सरमधली एक पट्टी थोडी खाली करायची, पुन्हा कॉल. तीन रात्री हे चाललं. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की कॉलमध्ये दोन्ही माइक उघडे राहतायत. खालचा, तोंडाजवळचा, आणि दुसरा स्पीकरजवळचा, जो कानातला आवाज उचलून परत पाठवत होता. दुसरा बंद केला, कानाच्या स्पीकरचा आवाज थोडा उतरवला. सगळं मिळून तीन ओळींचा बदल.

तो बदल, म्हणजे पॅच, फोनच्या प्रोग्रॅमचा मूळ संच सांभाळणाऱ्यांना पाठवला. तपासणाऱ्याने एका ठिकाणी मोकळी जागा जास्त पडलीय म्हणून परत पाठवला, मी ती काढली, आणि अकराव्या दिवशी तो मूळ संचात गेला. म्हणजे जगात जिथे जिथे हा फोन आहे तिथे पुढच्या अपडेटला माझ्या तीन ओळी पोहोचणार होत्या. त्या आनंदात आईला फोन केला. "हां, आता बरं येतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, हे मी दुरुस्त केलं. ती म्हणाली, "कंपनीने का नाही केलं?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही. प्रश्न मात्र राहिला, आणि त्याचा नीट शोध घेतल्यावर फोनचं अर्थशास्त्र मला पहिल्यांदा कळलं. ते जरा सविस्तर सांगते, कारण या फोनांबद्दल जी हळहळ असते ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च होते.

फोनचा प्राण म्हणजे त्यातली मुख्य चिप. आज बाजारात असलेली चांगली चिप घ्यायची तर ती बनवणारी कंपनी विचारते, किती लाख नग? काही हजार म्हटलं की बोलणं संपतं. माहितीची कागदपत्रंही करारावर सही केल्याशिवाय मिळत नाहीत. आणि मिळाली तरी चिपसोबत येतो तो त्या कंपनीने स्वतःपुरता कापून-जोडून घेतलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्यात कुलूपबंद ड्रायव्हर, म्हणजे चिपचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम. तो एकदा विकला की कंपनी पुढच्या चिपकडे वळते. पुष्कळ अँड्रॉइड फोन दोन-चार वर्षांत म्हातारे होतात त्याचं एक कारण हेही आहे. खुल्या फोनवाल्यांना ते चालत नाही. त्यांना हवी अशी चिप, जिचे ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये पोहोचलेत. ते पोहोचवतात कोण? बहुतेक हौशी लोक, रात्री जागून, चिप चाचपून. त्याला वर्षं लागतात. म्हणजे चिप ओळखीची होईपर्यंत ती जुनी झालेली असते.

पाइनफोन या लिनक्सवाल्या फोनचं उदाहरण घ्या. तो लोकांच्या हातात आला २०२० मध्ये, आणि त्यातली ऑलविनर ए६४ चिप २०१५ मधली, मूळची स्वस्त टॅबलेटसाठी काढलेली. कुणाची चूक नाही. उघड दिसेल अशीच चिप हवी म्हटल्यावर निवड तिथेच येऊन थांबते. लिब्रेम ५ या दुसऱ्या लिनक्स फोनवाल्यांनी वेगळी वाट धरली, यंत्रसामग्रीत बसवतात त्या जातीची चिप घेतली. तिच्यात मॉडेमच नसतं, म्हणून मॉडेम वेगळ्या कार्डावर. फोन जाड झाला. या दोन्हींत मॉडेम वेगळं असतं आणि आतून यूएसबीने जोडलेलं असतं, जसं आपण कधीकाळी लॅपटॉपला डोंगल लावायचो तसं. दादाच्या चार रिंगा इथून सुरू होतात. नेहमीच्या बहुतेक फोनमध्ये मॉडेम आणि प्रोसेसर एकाच चिपमध्ये शेजारी-शेजारी नांदतात. आमच्याकडे ते दोन वेगळ्या घरात राहतात आणि निरोप्या पाठवून बोलतात.

आणि एवढं करून ते मॉडेम बंदच. त्याच्या आत चालणारा, टॉवरशी बोलणारा प्रोग्रॅम कुणीच खुला करत नाही. कितीही खुला फोन घ्या, मध्यभागी एक काळी डबी असतेच. काहींनी चिकाटीने तिच्या बाहेरच्या थरातला प्रोग्रॅमसुद्धा बदलून टाकला, पण गाभा तसाच राहिला. त्यात टूजी-थ्रीजी जिथे जिथे बंद होतंय तिथे साधा कॉलही फोरजीवरूनच जातो, आणि तो जावा म्हणून नेटवर्क कंपनीचं त्या मॉडेमशी जमावं लागतं. जमलं तर जमलं.

कॅमेऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगते: फोटो हिरवे यायचे. सेन्सर देतो तो कच्चा माल, त्याचं चित्र करणारी विद्या बंद. आमच्यातला एकजण दोन वर्षं त्या हिरव्या रंगाशी झुंजत होता. शेवटी शेवटी दिवसा उजेडात बरे फोटो यायचे.

चार महिने मी तो फोन एकटाच खिशात ठेवला. हे मी मुद्दाम मोजून सांगते आहे, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. संध्याकाळपर्यंत चार्जिंग टिकेल की नाही याचा अंदाज यायला लागला होता. सोबत भरलेली दुसरी बॅटरी असायची. कुणाला भेटायला जाताना रस्ता आधीच बघून, कागदावर लिहून घ्यायचे. लोकांना सांगून ठेवलं होतं, की नाही उचलला तर पुन्हा करा, दुसऱ्यांदा उचलते. यातल्या कशाचाच मला त्रास वाटत नव्हता. लोकांना वाटत असावा.

मग बँकेने पैसे पाठवायला अ‍ॅप सक्तीचं केलं. लिनक्सवर अँड्रॉइडची अ‍ॅप चालवायला वेड्रॉइड नावाची सोय आहे (मराठीत नावातच वेड आलंय, त्याला इलाज नाही). लिनक्सच्या पोटात एक छोटं अँड्रॉइड चालतं. मी ते बसवलं. अ‍ॅप उतरलं, उघडलं, फिरलं आणि म्हणालं की हे उपकरण सुरक्षित नाही. मी दोन आठवडे डोकं लावलं. मार्ग नव्हता, आणि नसणं हाच त्या रचनेचा हेतू होता. अ‍ॅप तुमच्या फोनवर विश्वास ठेवत नाही, ते गूगलकडून शिक्का मागतं. शिक्का मिळतो तो मान्यताप्राप्त कंपनीच्या, सुरू करणारा प्रोग्रॅम (बूटलोडर) कुलूपबंद असलेल्या, मालकाने हात न लावलेल्या फोनला. ज्या फोनची प्रत्येक ओळ मी वाचू शकत होते तो असुरक्षित ठरला, आणि कपाटातला जुना, दोन वर्षं एकही अपडेट न आलेला, सुरक्षित. बँकेची बाजू मला कळते. फसवणूक होते, पैसे त्यांना भरून द्यावे लागतात, प्रत्येकाचा फोन तपासत बसणं त्यांना शक्य नाही. पण कळलं म्हणून पैसे जात नव्हते.

कपाटातला फोन बाहेर आला. आधी फक्त बँकेसाठी, वाय-फायवर, सिमशिवाय. मग लक्षात आलं की बँकेला पडताळणीचा मेसेज त्याच फोनमधल्या सिमवर हवा असतो. म्हणून एका दुपारी मी पिन घेऊन सिमचा खण उघडला आणि सिम तिकडे घातलं. पैसे पाठवून झाले की परत इकडे घालायचं ठरवलं होतं. पैसे गेले. संध्याकाळी एक फोन आला, पहिल्याच रिंगला वाजला, उचलला. दुसऱ्या दिवशी सिम बदलायचं राहिलं. तिसऱ्या दिवशीही राहिलं. कुठल्याच दिवशी मी असं ठरवलं नाही की आता हा फोन सोडायचा.

नवा फोन टेबलावर, चार्जरला लावलेला राहिला. त्यावर मी काम मात्र करत होते, आधीपेक्षा जास्तच. सात सेकंदांचे पाच करायचा नाद मला त्याच काळात लागला.

पुढचं मॉडेल येणार नाही हे आम्हाला आमच्या महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत कळलं. त्या दिवशी चौदाजण होते. ज्याच्या बनवणाऱ्यांशी ओळखी होत्या त्याने सांगितलं की स्क्रीनचं पॅनेल बनवणाऱ्या कारखान्याने ते पॅनेल बंद केलं. दुसरं घ्यायचं तर चौकट बदलते, चौकट बदलली की साचा नवा, साचा नवा म्हटलं की कमीत कमी अमुक हजार नग काढावे लागतात, आणि शिल्लक माल अजून पुरता संपलेला नाही. असलेले फोन संपेपर्यंत विकतील, सुटे भाग काही काळ देतील. बस.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. लोकांना स्वातंत्र्य नकोच आहे, असं एकजण म्हणाला. हे वाक्य अशा प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतोच. दुसऱ्याने जाहिरातीवर खापर फोडलं. तिसऱ्याने उबंटू एज या लिनक्स फोनची आठवण काढली: २०१३ मध्ये उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने लोकवर्गणीतून ३ कोटी २० लाख डॉलर जमवायचं ठरवलं, महिन्याभरात १ कोटी २८ लाखांच्या आसपासचे वायदे झाले, त्या काळी एवढी वर्गणी म्हणजे विक्रम होता, पण लक्ष्य गाठलं नाही म्हणून फोन निघालाच नाही आणि पैसे परत गेले. "तेव्हा एवढे लोक तयार होते, कुठे गेले सगळे?" तो विचारत होता. त्यावर कुणी फायरफॉक्स ओएस या खुल्या फोनप्रणालीचा विषय काढला. मोझिलाचं नाव मागे होतं, २०१३ मध्ये फोन दुकानात आले होते, तरी २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी फोनसाठी ते थांबवलं. गंमत अशी की त्याच झाडाच्या फांदीवर कायओएस उगवलं आणि बटणांच्या स्वस्त फोनांतून कोट्यवधी हातांत गेलं. त्या हातांना आत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, फोन स्वस्त होता आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं.

मला राहवेना, मी मायक्रोसॉफ्टचं नाव घेतलं. खुल्या फोनवाल्यांच्या बैठकीत हे नाव घेणं म्हणजे लग्नात वाईट बातमी सांगण्यासारखं, पण उदाहरण चपखल होतं. २०१४ मध्ये त्यांनी नोकियाचा फोनविभाग विकत घेतला आणि २०१५ मध्ये ७६० कोटी डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले. त्यांचे फोन छान वाजत होते, पहिल्याच रिंगला. कॅमेरे तर उत्तम होते. अ‍ॅप नव्हती. ग्राहक नाहीत म्हणून अ‍ॅप बनत नव्हती आणि अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक येत नव्हते. एवढा पैसा ओतून जिथे अँड्रॉइड-आयफोनशेजारी तिसऱ्याला जागा झाली नाही तिथे आपल्या जाहिरातीने काय होणार होतं?

कुणालाच ते आवडलं नाही, मलाही. आणि मग, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ता या बैठकीला त्याच फोनवरून कोण बसलंय?"

चौदा चौकटी. सगळे लॅपटॉपवर. मीही.

"बरं, ज्याच्या खिशात तोच एक फोन आहे, सिमसकट, असं कोण?"

एकाने हात वर केला. जरा थांबून म्हणाला, "पण मला फोन करणारं फारसं कुणी नाही." सगळे हसले, तोही हसला, आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. पुढचा विषय ब्लूटूथचा होता.

मला मात्र ब्लूटूथमध्ये काही रस उरला नव्हता. आम्ही चौदाजण स्वतःला त्या फोनचे ग्राहक म्हणवत होतो. आम्ही एकेक फोन घेतला होता. काहींनी दोन घेतले होते, एक उघडून ठेवायला. पण फोन विकणाऱ्याला हवा असतो तो ग्राहक वेगळा. तो फोन पाडतो, फोडतो, नवा घेतो, बहिणीला सांगतो, ऑफिसात दाखवतो, बिघडला तर शिव्या घालतो आणि तरी तोच घेतो. आम्ही फोन पाडत नव्हतो, कारण तो टेबलावरून हलतच नव्हता. बिघडला तर दुरुस्त करत होतो, म्हणजे नवा घेत नव्हतो. खरं म्हणजे आम्ही वर्गणी दिली होती आणि पावती म्हणून फोन मिळाला होता.

आणि दादा? वर्षभरात मी त्याला हजार गोष्टी सांगितल्या, मॉडेम कसं झोपतं, कर्नल म्हणजे काय, तीन ओळींचा पॅच. तू घे, असं एकदाही म्हणाले नाही. त्या काळात त्याने स्वतः नवा फोन घेतला आणि घेण्याआधी मला विचारलं होतं. मी त्याला एका मोठ्या कंपनीचं मॉडेल सुचवलं. बॅटरी दोन दिवस जाते म्हणून.

आमच्यातले काही आता जुन्या अँड्रॉइड फोनांकडे वळलेत. लोकांनी टाकून दिलेले फोन घ्यायचे, त्यांवर पोस्टमार्केटओएस चढवायचं. अशा शेकडो मॉडेलांवर ते कमी-जास्त चालतं: कुठे फक्त स्क्रीन लागते, कुठे कॉलसुद्धा होतो. साचा नको, नगांची अट नको, कारण फोन आधीच कुणीतरी लाखांनी बनवून ठेवलाय. हा व्यवहार मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण माझं मन तिकडे लागलं नाही. त्या फोनांचं झाकण नखाने निघत नाही, हे एक कारण झालं. दुसरं, पहिल्यापासून सगळं पुन्हा करायची उमेद नाही. कॅमेऱ्यावर दोन वर्षं घालवणारा तर बैठकीलाच येईनासा झाला. त्याचं काम आहे तिथे आहे, ड्रायव्हर कर्नलमध्ये गेलाय. त्याला मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का. "हिरवा गेला ना," म्हणाला, आणि विषय बदलला.

माझा फोन आता खणात असतो. महिन्यातून एकदा काढते, बॅटरी पार मरू नये म्हणून चार्ज करते, आणि काढलाच आहे तर अपडेट घेते. विक्री थांबली तरी अपडेट थांबलेली नाहीत, कारण ती विक्रीवर चालतच नव्हती. मागच्या खेपेला बदलांच्या यादीत एक ओळ दिसली: झोपेतून उठताना टचची वाट न बघता आवाजाची चिप आधी उठवावी. कुणी केलंय ते नाव ओळखीचं नव्हतं. म्हणजे कुणीतरी नवं माणूस आलंय.

घरात एक जादा सिम पडलं होतं, ते घातलं. रेंज आली. पाच मिनिटं फोन तसाच ठेवला, गाढ झोपू दिला. मग दुसऱ्या फोनवरून त्याला लावला आणि मोजायला लागले. एक रिंग. दुसरी सुरू झाली आणि टेबलावर तो वाजला.

मी उचलला. दोन्ही कानांना दोन फोन. सवयीने एक, दोन, तीन मोजलं. प्रतिध्वनी अजिबात नव्हता.